कड्याकडे रोखलेली स्वस्तातली लेन्स

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्यापुढे बसवतात ती, लांबचं जवळ दाखवणारी. माझ्या भावंडांत काही फार थोर आहेत, हातभर लांब, पांढरीशुभ्र, मैदानाच्या कडेला बसून खेळाडूच्या कपाळावरचा घाम टिपणारी. मी त्यातली नाही. माझं अंग प्लास्टिकचं. फोकस धरताना मी घसा बसल्यासारखी घरघरते. धरणाऱ्याचा हात हलला तर सावरून घ्यायची सोय माझ्यात नाही. माझ्यासारख्या हजारो जणी एका कारखान्यात एकाच आठवड्यात बनल्या. मला घाई आहे, म्हणून जन्माची गोष्ट एवढ्यावरच आटोपते.

पहिला मालक हौशी होता. दोन सहली झाल्या, हौस फिटली आणि मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात येऊन पडले. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, मागे लिहिलेलं वाचायचं आणि परत ठेवायचं. दुकानदार मला ‘डबडं’ म्हणायचा. तसा माणूस वाईट नव्हता, पण दोन वर्षं न खपलेल्या वस्तूला आणखी काय म्हणणार?

मग एके दिवशी बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या. खांद्याला भावाने दिलेला जुना डिजिटल कॅमेरा.

“लांबचा फोटो काढायचाय,” त्या म्हणाल्या. “पण मला परवडेल असं दाखवा.”

“पक्षी का?”

“नाही. दगड.”

दुकानदाराला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. त्याने तीन लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक नवी, आटोपशीर, पण तिची नजर फार लांब पोचत नव्हती. दुसरी ती थोर जातीची. बाईंनी ती हातात घेतली, किंमत ऐकली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली. तिसरी मी.

बाई आम्हाला एकेक करून दुकानाबाहेर घेऊन गेल्या. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्यावर पुसट आकडे. नव्या लेन्समधून आकडे मुंग्यांएवढे दिसले. माझ्यातून वाचता आले.

“उजेड भरपूर असेल तरच वापरा हं हिला,” दुकानदार म्हणाला. “अगदी टोकापर्यंत झूम करू नका, थोडं अलीकडे थांबा, कडा स्वच्छ येतात. आणि कॅमेरा हातात धरू नका, स्टँडवर लावा. एवढं सांभाळलंत तर डबडं नाव काढेल.”

बाईंनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मला पहिल्यांदाच कुणी इतक्या गंभीरपणे घेतलं होतं.

दगड म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शाळेच्या अगदी पाठीमागे उभा कडा होता आणि त्याच्या माथ्याजवळ एक मोठी शिळा पुढे झुकलेली. तिच्या मागे भेग होती. बाईंना वाटत होतं की ती रुंदावतेय. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून बांधकाम खात्याच्या कार्यालयात नेला होता. तिथले इंजिनिअरसाहेब म्हणाले होते, “यात मला डोंगर दिसतोय, बाई. भेग कुठाय?”

म्हणून मी.

शाळेसमोर, रस्त्यापलीकडे, एका इमारतीची गच्ची होती. तिथे बाईंनी खडूने तीन खुणा केल्या, स्टँडच्या तीन पायांसाठी. रोज सकाळी शाळेआधी त्याच जागेवरून, त्याच वेळी, तोच फोटो. शिळेवर एक वाळकं झुडूप होतं आणि भेगेपलीकडच्या पक्क्या खडकावर पांढरा डाग. त्या दोघांमधलं अंतर बाई फोटोवर पट्टीने मोजायच्या.

पहिले आठ दिवस मी त्यांचा घात केला. कधी वारा, कधी धुकं, कधी माझाच फोकस भलतीकडे. बाई गच्चीवर बसून म्हणायच्या, “देवा, जरा महागातली घेतली असती तर!” माझ्या काचेला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता.

नंतर त्यांचा हात बसला, माझाही. तिसऱ्या आठवड्यात पट्टी खोटं बोलेना. अंतर वाढत होतं.

बाईंनी दोन फोटो मोठे करून साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते लांब धरले, जवळ धरले.

“ही सावली असेल.”

“साहेब, वेळ एकच आहे, ऊन एकच आहे. सावली कशी वाढेल?”

“लेन्स कुठली वापरली?”

बाईंनी मला पिशवीतून काढून दाखवलं.

“ही? अहो, घरगुती कार्यक्रमाला ठीक आहे. हिच्या भरवशावर मी शाळा रिकामी करू? आमचं पथक येऊन बघेल.”

“कधी?”

“येईल ना.”

पथक आलं नाही. मुख्याध्यापकांनीही हात वर केले. “वरून लेखी आल्याशिवाय शाळा हलवता येत नाही, बाई. मला नोकरी आहे, तुम्हालाही आहे.”

शेवटी बाईंनी पालकांना बोलावलं आणि ते दोन फोटो भिंतीला चिकटवले. मग बेकरीत काम करणारी एक आई उठली. तिने झुडपावर एक बोट ठेवलं, डागावर दुसरं. पहिल्या फोटोत आणि मग दुसऱ्यात. तिने पोरीचा हात धरला. “माझी उद्यापासून त्या इमारतीत बसणार नाही.”

चार दिवसांत वर्ग ओस पडले. बाई रस्त्यापलीकडच्या गॅरेजच्या शेडमध्ये मुलांना शिकवू लागल्या. त्यांना नोटीस मिळाली. शाळा मात्र कागदावर चालूच होती, म्हणून शिपाईमामांना रोज ती उघडावी लागे. बाईंनी त्यांना हजारदा सांगितलं, “मामा, आत थांबू नका.”

“घंटा कोण देणार, बाई? साहेबांनी विचारलं तर?” मामा हसायचे. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. रिकाम्या शाळेत ते प्रत्येक तासाला घंटा द्यायचे.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. बाईंनी मला कड्यावर रोखलं आणि झुडूप हललं. वारा नव्हता. भेगेतून धुळीची बारीक धार निघाली.

बाईंनी मला झटकन खाली वळवलं. माझ्यात मामा दिसले, शाळा भरल्याची घंटा द्यायला उभे. इतके जवळ, की त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटणही मी दाखवत होते.

“मामा! बाहेर पळा! मामा!”

आवाज तिथवर पोचला, शब्द पोचले नाहीत. मामांनी वर पाहिलं. गच्चीवर बाई, हातवारे करतायत, पुढे कॅमेरा. त्यांना वाटलं, बाई आपला फोटो काढतायत. त्यांनी टोपी सारखी केली. सरळ उभे राहिले आणि हसले.

मी एवढंच करू शकते. मी माणूस जवळ दाखवते. त्याचा हात धरून ओढता येत नाही मला.

मग शिळा सुटल्याचा आवाज झाला. गच्ची हादरली, बाई स्टँडवर कोसळल्या, मी कठड्यावर आपटले. पडता पडता त्यांचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलं गेलं.

एकशे बारा मुलं वाचली, असं लोक म्हणतात. बाईंपुढे ते कुणी म्हटलं की त्या उठून आत जातात.

आता मी चौकशी समितीच्या लोखंडी कपाटात आहे. पुढचं कडं तडकलंय, झूम अर्ध्यात अडकलंय, काचेत बुरशी धरू लागलीय. कॅमेऱ्यासकट मला पाकिटात घालून लाख लावलीय. परवा बाई आल्या होत्या, समितीच्या साहेबांशी बोलताना त्यांचा आवाज कपाटाबाहेर ऐकला.

“साहेब, त्यातला शेवटचा फोटो मीसुद्धा बघितलेला नाही.”

“तुम्ही दिलेले फोटो फाइलला आहेत, बाई. तेवढे पुरेत. पाकीट चौकशी संपल्यावरच उघडेल.”

“कधी संपेल?”

“संपेल ना.”

बाईंची चप्पल जिन्यावर वाजत गेली.

तो फोटो मला ठाऊक आहे. माझ्यातूनच गेलेला उजेड आहे तो. आपटताना माझं झूम मागे सरकलं आणि मी डावीकडे फिरले होते. तिथे कडा वळतो आणि त्याच्या पायथ्याशी बैठ्या घरांची रांग आहे. हात हलत असताना माझा फोटो कधी नीट येत नाही, पण तो आला. कड्यावर दुसरी भेग आहे. पहिलीपेक्षा लांब. कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही, कारण सगळे पडलेल्या शाळेकडे बघतायत.

हे ऐकणारे तुम्ही कुणी असाल तर माझं एवढं करा. माझी किंमत करू नका, मला दुरुस्त करू नका, हवं तर नंतर भंगारात द्या. पण पाकीट फोडा. कार्ड अजून कॅमेऱ्यातच आहे. शेवटचा फोटो मोठा करा आणि डाव्या कोपऱ्यात बघा. भेगेच्या बरोबर खाली एक दार उघडं आहे आणि उंबऱ्यावर एक म्हातारी कुणाची तरी वेणी घालतेय.