जावयानं दिलेलं कार्ड

यादी गुलाब सुरवाडेनं स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत लिहून दिली होती. प्रत्येक वस्तूपुढे कंपनीचं नाव, नंबर, आणि सगळ्यात खाली दोन रेघा ओढून: "हेच. दुसरं काहीही नको." आता याहून सोपं मराठी कुठून आणायचं?

गुलाब टेलिफोन खात्यात तारा जोडणारा. पिंप्राळ्याच्या बुद्धविहारात पोरांसाठी अभ्यासिका होती. तिथं यंदाच्या जयंतीला कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. सुटे भाग आणू, गुलाब जोडेल, विंडोजची सीडी कुणाकडून तरी मागून टाकू, असं सगळे म्हणाले. नव्व्याण्णव सालच्या जळगावात गल्लोगल्ली तेच चालायचं. गुलाब एकटा अडून बसला. दर पौर्णिमेला आपण हात जोडून म्हणतो, न दिलेलं घेणार नाही, आणि त्याच छपराखाली चोरीची सीडी? छे! त्यानं मासिकाबरोबर आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी पुढं केली. हे बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना वाटलंय, म्हणाला. लोक हसले, पण कबूल झाले. त्याची आई पार्वताबाई तर दारोदार सांगत सुटली, "मना गुलाबनं मशीन इमानदारीनं शे."

भानगड एकच होती. लिनक्स वाटेल त्या भागाशी जमवून घेत नसे. कुठले भाग चालतात त्याची यादी सीडीवरच होती. ड्यूटी सुटली की गुलाब एका ओळखीच्या मास्तरांच्या मशीनवर जाऊन बसायचा. तीन आठवडे डोळे फोडून त्यानं ती वाचली, तेव्हा कुठं त्याचा तो कागद तयार झाला.

खरेदीला धुळ्याला गेले तोतारामआबा, विहार कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या जावयाचं, हिलाल बैसाणेचं, तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं. घरचा माणूस असताना दुसरीकडे कशाला जायचं? आबा एसटीनं गेले आणि खोकी घेऊन आले.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी गुलाबनं सगळं जोडलं, सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर सरकली. वा! मग चित्र यायची वेळ आली आणि पडद्यावर नुसते आडवे पट्टे. पुन्हा केलं, पुन्हा पट्टे. सात वेळा केलं. शेवटी पेटी उघडून पडद्यावर चित्र आणणारं कार्ड उपसलं आणि नंबर वाचला. यादीतला नव्हताच तो!

"आबा, हे कार्ड कुणी दिलं?"

"हिलालनं. म्हणे तुमच्या यादीतलं जुनं झालं, हे एकदम नवं शे. वरचे पैसेसुद्धा त्यांनीच घातले, विहाराला भेट म्हणून." आबा कौतुकानं सांगत होते.

"अहो, पण मी खाली दोन रेघा ओढल्या होत्या!"

"दाखवल्या ना बाबा! पण त्यांच्याच दुकानात बसून, त्यांचाच चहा पिऊन, हे नको ते द्या म्हणू? जावयाशी असं बोलतात का रे?"

गुलाबनं कपाळावर हात मारला. काय बोलायचं या माणसाला? मशीनला काय ठाऊक, सासरा कोण आणि जावई कोण! भर उन्हात स्कूटर काढून तो जळगावातली दुकानं पालथी घालत फिरला. सगळीकडे एकच उत्तर. "ते मागच्या वर्षीचं, भाऊ. आता कोण ठेवतं?" नवं म्हणजे चांगलं, हे खूळ या लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. दुपारी तीनला तो घामानं निथळत परतला, तर अभ्यासिकेत हिलाल बसलेला. जयंतीसाठी तो बायकोला, आबांच्या कमलला, घेऊन आला होता.

"काही टेन्शन नका घेऊ," हिलालनं खिशातून सीडी काढली. "विंडोज टाकतो, अर्ध्या तासात चालू."

"ती विकत घेतलेली आहे का?"

हिलाल हसला. "काय चेष्टा करता भाऊ!"

"मग नको. मला यादीतलं कार्ड आणून द्या. तोवर काळा पडदा दाखवू. अक्षरं तरी येतात ना?"

"उद्या शंभर पोरं येतील," कमिटीतला एकजण खेकसला. "त्यांना काळी पाटी दाखवायची?"

हिलालचा चेहरा उतरला होता. "मी प्रेमानं दिलं, आबा. माझीच वस्तू परत करता?" म्हणाला आणि कमलकडे न बघता बाहेर जाऊन उभा राहिला. कमल पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

गुलाबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी त्याला कोपऱ्यात नेलं. सत्तरीचा माणूस, त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"गुलाब, माझ्या पोरीला तिथं नांदायचंय रे."

गुलाब मशीनपाशी गेला. मग त्यानं आपली सीडी काढून खिशात घातली, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "बोलवा पाव्हण्यांना."

अर्ध्या तासात खरंच चालू झालं. निळं आभाळ, पांढरे ढग, काय ती शोभा! पोरांनी टाळ्या पिटल्या. हिलाल पुन्हा हसायला लागला, कमलनं सगळ्यांना चहा दिला. गुलाबनं आपला कप तसाच खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार गच्च भरला होता. मशीनला निळ्या फिती लावल्या होत्या. मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून पंचशील म्हणू लागले. पहिलं शील गुलाबनं सगळ्यांबरोबर म्हटलं. दुसरं आलं. पोरं खणखणीत आवाजात म्हणत होती, न दिलेलं घेणार नाही. समोर आबा उभे होते. त्यांची मान खाली होती आणि ओठ मिटलेले होते.

शेजारच्या पार्वताबाईनं गुलाबला कोपरानं ढोसलं. "काय व्हयनं रे? बोलत का नही?"

"काही नाही, आई," गुलाब म्हणाला. "तू म्हण."