शेवटाकडून पळायचं

वर्षाली पळते हे आमच्या हिवरखेडात सगळ्यात आधी माझ्या बायकोनं, वच्छलानं, पाहिलं. वर्षाली शेजारच्या गोदाबाईची नात. एकदा गोदाबाईची शेळी आमच्या वांग्यात शिरली. पोरगी बांधावरून धावत आली आणि शेळीच्या आधी वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली. वच्छला खुरपं टाकून हसत बसली. संध्याकाळी गोदाबाईला जाऊन म्हणाली, "ही पोट्टी शेळ्या हाकलाले नाई जन्मली, बाई."

तेव्हापासून रोज सकाळी वर्षाली शाळेमागच्या मैदानावर पळायला लागली. शिवम सर, शाळेचे खेळाचे मास्तर, तिला शिकवायचे. फेरी संपायची त्या रेघेपाशी एक कडुनिंब आहे. वच्छला त्याच्याखाली भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा घेऊन बसायची. ती काही शिकवायची नाही, नुसती बसायची. वर्षाली तिला आजी म्हणायची आणि मला आबा. आम्हाला मूलबाळ नाही. सकाळचा तेवढा वेळ तिचा होता.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला चारशे मीटरची शर्यत झाली. वर्षाली सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर मागून दोघी आल्या आणि ती थांबली. पाय मुरगळला नव्हता. नुसती थांबली, पट्टा सोडला आणि गवतात जाऊन बसली. वच्छला तेव्हा दवाखान्यात होती. पुढच्या महिन्यात ती गेली.

त्यानंतर पोरगी शेवटच्या वळणापुढे जाईना. गावातल्या मैदानावर सुद्धा तीच गत. फेरी छान पळायची आणि त्या जागी आली की थांबायची. अकोल्याची शर्यत पुन्हा जाहीर झाली, तेव्हा ती सरांना म्हणाली, "माहं नाव पाठवू नका."

गोदाबाई माझ्याकडे आली. "पंजाबभाऊ, वच्छला असती तं तिनं काई केलं असतं. आता तुमीच पाहा."

"मले काय येते? मी वांगे लावणारा माणूस."

"मंग निंबाखाली जाऊन बसा. बसता तं येते ना?"

मी चणे घेऊन बसायला लागलो. पण मला वच्छलासारखं गप्प राहता येईना. रोज सांगायचो, "तूच पयली येशीन, पोरी." रोज पूर्ण फेरी पळायला लावायचो आणि रोज ती थांबायची. एक दिवस तर मला पाहून वळणाच्या आधीच थांबली.

"काहून थांबली वो?" मी विचारलं.

"तिथं आलं की वाटते, आता सगळ्या मागून येतीन. पाय ऐकत नाई, आबा."

त्या दुपारी गोठ्यात खुंटीवर टांगलेल्या घुंगरमाळेकडे माझं लक्ष गेलं. ती माझ्या सासऱ्याची. अंजनगाव सुर्जीला ते शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळायचे. बैलजोडी जिथं पळते त्या पट्ट्याला दाण म्हणतात. त्यांचा एक गोऱ्हा, म्हणजे तरणा बैल, दाणीच्या मध्यात बिचकला. पुढे रोज तिथंच थांबायचा. लोक म्हणाले, काठी लावा. सासऱ्यांनी त्याला दाणीच्या शेवटी नेलं आणि तिथं सरकीची ढेप खाऊ घातली. मग थोडं मागे नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी अजून थोडं मागे. बिचकण्याची जागा आली तोवर पुढची वाट त्याच्या ओळखीची झाली होती. वच्छला ही गोष्ट दरवर्षी पोळ्याला सांगायची, बैलांच्या शिंगांना रंग लावता लावता.

मी ती शिवम सरांना सांगितली. सर परतवाड्याचे, त्यांनीही पट पाहिलेले. हसले आणि म्हणाले, "करून पाहू, काका. पण ढेप कोण खाईल?"

वर्षालीला मात्र राग आला. "मी काय गोऱ्हा आहो का?"

"गोऱ्हा ऐकत होता. तू कुठं ऐकून राहिली?"

मी शेवटच्या रेघेच्या जरासं मागे एक वीट ठेवली. "इथून पळ."

"एवढंच? एवढं तं आजीबी पळली असती."

"मंग पळ ना."

ती पळाली, रेघ ओलांडली, चणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी वीट मागे सरकवली. मग रोज थोडी थोडी. सर वेळ मोजत नव्हते, मी काही बोलत नव्हतो. गप्प बसणं मलाही हळूहळू जमायला लागलं.

वीट वळणावर आली त्या दिवशी ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग तिथूनच तिनं विचारलं, "आबा, आजी असती तं काय म्हणाली असती?"

"काईच नाई. तू येत नाई म्हणून चणे खाऊन टाकले असते तिनं."

ती हसली आणि पळाली. वीट वळणाच्या मागे गेली, मग पार पलीकडे. शेवटी पूर्ण फेरी झाली आणि सरांनी तिचं नाव पाठवलं.

अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. चण्याचा डबा माझ्या मांडीवर होता. सरांनी मला शेवटच्या रेघेपाशी दोरीबाहेर उभं केलं. शर्यत सुटली. वर्षाली पुढे होती. शेवटच्या वळणावर मागून दोघी आल्या आणि निघून गेल्या. मग अजून एक. वर्षालीचे पाय मंद झाले, ते मला इतक्या लांबूनही दिसलं. मी ओरडलो नाही. डबा फक्त दोरीवरून पुढे धरला.

ती थांबली नाही. वळणातून बाहेर आली, मान खाली घालून सरळ आली, आणि रेघ ओलांडून माझ्यासमोर मातीत बसली.

चौथी आली. चौथीला काही मिळत नाही. तिनं धापा टाकत हात पुढे केला. "द्या."

चणे खाता खाता म्हणाली, "गूळ कमी आहे, आबा. आजी जास्त देत जाय."

"उद्या देतो."

"सर म्हणते, आता आठशेची तयारी कर. वीट कुठं ठेवसान?"

"तिथंच. दोनदा ओलांडजो."

घरी आल्यावर मी सकाळसाठी चणे भिजत घातले आणि गुळाचा मोठा खडा फोडून ठेवला. वच्छला गेल्यापासून दिवस कुठून सुरू करावा हे मला कळत नव्हतं. आता सकाळी निंबाखाली जायचं असतं. त्यासाठी मी वच्छलाचा आभारी आहे, सासऱ्यांचा आहे, आणि त्या गोऱ्ह्याचाही.