चालण्याचं माप

नव्या सिग्नलची वेळ इंजिनिअर स्वतःच्या पायांनी ठरवायचा. दिवे बसले की घड्याळ घेऊन रस्ता ओलांडायचा, वर थोडी सवलत धरायचा, झालं काम. ऑफिसात याचं कोण कौतुक! ते पाय लांब आणि धडधाकट आहेत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही.

घराजवळचा चौक अपघातांनी बदनाम होता. तिथे दिवे लागले तेव्हा "माझ्या लेकाचा सिग्नल" म्हणून आईने शेजाऱ्यांचे कान किटवले. पलीकडे अंथरुणाला खिळलेली मावशी राहायची. आई रोज तिची वेणी घालायला जायची, ते मात्र तेव्हापासून बंद झालं. "गुडघे कुरकुरतात रे," म्हणाली. त्याने मलम आणून दिलं आणि मोकळा झाला.

मग मावशीचाच फोन आला. "तुझी आई रुसली का रे माझ्यावर? केसांचा पार गुंता झालाय."

त्याने बायकोला विचारलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अर्ध्यात दिवा बदलतो. आधी आईंनी हात वर केला की गाड्या थांबायच्या. आता गाडीवाल्यांना हिरवा असतो ना, हॉर्न मारत अंगावर येतात. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये मला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलम आठवून तर स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी तो आईला चौकात घेऊन गेला. "नेहमीसारखी चाल हं. मला मोजायचंय."

हिरवा दिवा लागला आणि आई सुटलीच. पिशवी छातीशी धरून, जवळजवळ धावत. पलीकडे खांबाला धरून धापा टाकत उभी राहिली. "बघ, पुरतो की वेळ! उगाच बदलू नकोस. ऑफिसात नाव खराब होईल तुझं."

तिचे ओठ पांढरे पडले होते.

मावशीची वेणी झाली. परतताना चौकात तो लंगडायला लागला. "आई, पाय मुरगळलाय गं. हळू चल."

"बघून चालायला काय होतं तुला!" म्हणत तिने त्याचा हात धरला आणि आपल्या खऱ्या चालीने निघाली. त्याच्या दुसऱ्या हातात घड्याळ चालू होतं.

अर्ध्यातच दिवा लाल झाला. चहूकडून हॉर्न सुरू झाले. आईने त्याला मागे ओढलं, आणि हात वर करून ती त्याच्या पुढे उभी राहिली.