इस्त्रीच्या यंत्राशेजारची पाटी

माझ्या लेकीला आम्ही भोंगा म्हणतो. उठते ती गात आणि जेवते तीही गात. शाळेतल्या बाईंनी सगळी अक्षरं गाण्यात घातली आहेत. शब्द दिसला की टाळ्या वाजवत त्याचे तुकडे करायचे, मग चालीवर जोडायचे. "कानाला तुकडे कळले की डोळ्याला अक्षरं सापडतात," असं बाई म्हणतात. म्हणोत बापड्या. परीक्षा काही त्या देणार नव्हत्या.

परीक्षा उद्यावर आली होती, कधी न पाहिलेलं पान वाचायची. नापास झाली तर पुन्हा त्याच वर्गात. मी दोनदा तशी बसले आणि तिसऱ्या वर्षी घरच्यांनी माझी शाळाच सोडवली. मला आकडे येतात, अक्षर येत नाही. पोरगी पुस्तक धरून घडाघडा म्हणते तेव्हा ती वाचते की पाठ केलेलं गाते, हे मला कळायला मार्गच नाही. तिचा बाप म्हणतो, "वाचतेय की, उगाच कशाला तिचा जीव खातेस?" तोही माझ्याच पंक्तीतला. तिला खरंच वाचता येतं का, हे कसं पाहावं या विचारात आठ दिवस गेले.

मग सुचलं. मला तोंडपाठ असलेला आणि तिनं कधी न पाहिलेला मजकूर एकच होता. मी कामाला आहे त्या लाँड्रीत, माझ्या इस्त्रीच्या यंत्राशेजारची पाटी. मुकादमांनी पहिल्याच दिवशी ती वाचून दाखवली होती, "घंटा होईपर्यंत कोणी जागा सोडू नये." आम्हा सहा बायकांत वाचता येणारी कोणी नाही. शाळा सुटल्यावर मी पोरीला कामावर नेलं आणि चादरींच्या गाडीआड उभं केलं.

"वाच."

ती मान वर करून पाटीवरून डोळे फिरवत राहिली. मग तिनं हळूच टाळ्या सुरू केल्या आणि शेवटी चालीवर म्हणाली, "दर दोन तासांनी दहा मिनिटे विश्रांती घ्यावी."

मी तिचा दंड आवळला. "मनचं सांगतेस? नीट वाच."

"तेच लिहिलंय, आई." तिचे डोळे भरले होते.

मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तीन टाळ्या. "वि-श्रां-ती." मग तिनं माझं बोट धरून दोनच्या आकड्यावर ठेवलं, पुढे दहाच्या. ते आकडे नऊ वर्षं माझ्यासमोर होते, यंत्राचा नंबर असेल असं मी धरून चालले होते. मुकादमांच्या वाक्यात तर आकडाच नव्हता. नऊ वर्षं मी सुजलेल्या पायांनी उभी होते.

पोरगी पास होणार होती. पण त्याचा आनंद व्हायच्या आधीच नवी धडकी भरली, कारण तिला चाल सापडली होती आणि ती मोठ्यानं गाऊ लागली. मुकादमांच्या खोलीचं दार उघडलं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. काम गेलं तर खायचं काय?

शेजारणीनं यंत्र थांबवलं. "काय म्हणाली गं ती?"

मुकादम येत होते. माझ्या हाताखाली पोरीचे ओठ अजून हलत होते. मी हात काढला.

"म्हण," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण."