विजयाची अर्धी राहिलेली रांगोळी

बायको विजया गेल्यावरही दिवाकरनं समता कॉलनीतलं घर सोडलं नाही. मुलगी गंधाली बंगळुरूला बोलवायची, तो दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचा. कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झालेला माणूस, दुपारभर जुना कॉम्प्युटर उघडून बसायचा. नवीन लग्न झालं तेव्हा दोघांनी हौसेनं घेतलेला, टीव्हीला जोडायचा, कीबोर्डाच्या पोटातच सगळं यंत्र असलेला.

विजया शाळेत गणित शिकवायची. पडद्यावर मोठी रांगोळी उमटवणारा एक प्रोग्राम तिनं त्यावर लिहिला होता. पण प्रोसेसर इतका संथ, की एकेक पाकळी येईपर्यंत चहा निवायचा, आणि अर्ध्यावर हमखास पाऱ्यातली, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याचीच, लाइट जायची. पुढं गंधाली झाली आणि रांगोळी तशीच राहून गेली. आता लाइट जात नव्हती, तर म्हातारं यंत्रच तापून अडकायचं.

म्हणून त्यानं पोलंडमधल्या एका हौशी माणसाकडून नव्या, वेगवान प्रोसेसरचं कार्ड मागवलं. जुनी चिप अलगद उपसून त्या जागी ते दाबून बसवलं. टीव्ही काळाच राहिला. कार्ड पुन्हा काढून भिंगातून पाहिलं, तर एक पिन वाकली होती. पूर्वी अशा वेळी टॉर्च विजया धरायची. त्यानं टॉर्च दातात धरली आणि चिमट्यानं पिन सरळ केली.

या खेपेला यंत्र सुरू झालं. प्रोग्राम चालवला, आणि तो खुर्चीत नीट टेकायच्या आत रांगोळी पुरी झाली.

त्यानं लगेच गंधालीला व्हिडिओ कॉल करून ती दाखवली. बहुत सुंदर है बाबा, म्हणाली ती, इथल्या शाळेत अंगवळणी पडलेल्या हिंदीत, पण मीटिंगमध्ये होती. संध्याकाळी बोलू म्हणाली.

मग तो एकटाच पाहत बसला. उजव्या कोपऱ्यातली एक पाकळी उलटी वळून शेजारणीवर चढली होती.

"विजया, हे पाह्य, इथं चुकली तू," तो मोठ्यानं बोलून गेला, आणि आपल्याच आवाजानं दचकला.

चूक एका राहून गेलेल्या वजाच्या चिन्हाची होती. त्यानं ते घातलं. रांगोळी निर्दोष आली, पण ती कोणीही काढलेली असावी तशी दिसत होती. त्यानं बदल जतन केला नाही.

संध्याकाळी गंधालीचा फोन आला. त्यानं तिला पाकळीचं सांगितलं.

"मम्मी मानती ही नहीं," ती म्हणाली. "बोलती, आपने गलत टाइप किया."

"हव," तो म्हणाला. "भांडली असती माह्याशी."

 मग बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.