भरल्या गाडीचं माप

"चाक बघायलेत का नवरी बघायलेत, देवच जाणे. चौथी खेप हाय ही."

हे मला म्हटलेलं नव्हतं. मी पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून टेप धरला होता आणि माझ्या डोक्यावर, गाडीच्या उघड्या खिडकीत, तारामतीबाई स्वतःशीच कुरकुरत होत्या. मी मान वर केली तशा म्हणाल्या, "तुम्हाला न्हाई म्हणले, भाभी. तुम्ही मोजा."

नांदेडला देगलूर नाक्याकडं आमचं टायरचं दुकान आहे. सरदार, म्हणजे माझे यजमान, पाना चालवतात, आकडे माझ्याकडे. मला कुणी शिकवलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की टायरच्या अंगावर छापलेलं वाचत बसायची, खडूनं फरशीवर गणितं मांडायची. त्यातून एवढं कळलं की चाकाची एकूण उंची कारखान्यानं ठरवून दिलेली असते, ती मोडायची नाही. लोखंडाची रिंग मोठी घेतली तर रबर पातळ घ्यावं लागतं, रिंग लहान तर रबर जाड. बेरीज तीच. माणसं मात्र रिंगच बघतात. रबराकडं कुणी बघत नाही, आणि खड्डे सगळे तेच खातं.

गाडी अर्धापूरच्या व्यंकटभाऊंची. केळीचे बागायतदार, एकच मुलगी, सुकन्या. दहावीला मार्क चांगले पडले, म्हणून तिला लातूरला अकरावी आणि क्लास. आमच्याकडची कितीतरी घरं हेच करतात: पोर लातूरला, आणि पोरामागं घरातली एक बाई, खोली करून, तिच्या जेवणाखाण्याला. सुकन्याची आई अंगणवाडीत, तिला निघता येईना. तेव्हा आत्या म्हणाली, मी जाते. आत्या म्हणजे ह्या तारामतीबाई. कमरेखाली जीव नाही, तेवीस वर्षं चाकाच्या खुर्चीत. तरी त्या खुर्चीत बसून अख्ख्या घराचा स्वयंपाक उरकतात आणि वर सगळ्यांना नावं ठेवतात.

त्यांची अट एकच होती, मला कुणी उचलायचं नाही. म्हणून व्यंकटभाऊंनी स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली बसवली. खुर्ची आणि सीट एका पातळीत आली; मधे फळी टाकली की बाई आपल्या आपण सरकून आत. इथवर डोकं चांगलं चाललं. पण गाडी खाली आली की चाकाच्या वरची जागा कमी होते. त्यात भाऊंनी कुठून तरी सोळा इंची रुंद अलॉय घातले. वळलं की चाक पत्र्याला घासायचं. आम्ही ते काढून पंधराचे दिले. तेही घासले. मग पत्र्याची आतली कड वळवली, पुढच्या खेपेला अजून थोडी. तरी घासले.

खोटं कशाला बोलू, चूक आमचीही होती. तिन्ही वेळा आम्ही गाडी रिकामी मोजली. रिकामी गाडी शहाण्यासारखी वागते. भाऊ घरी जायचे, माणसं बसायची, गाडी दबायची आणि घर्रर्र.

ह्या खेपेला बाईंनीच निकाल लावला होता. सकाळीच सगळं सामान गाडीत भरायला लावलं होतं: पिठाचा डबा, कुकर, शेगडी, दोन गाद्या, लोणच्याची बरणी मांडीवर. "सोमवारी पोरीचा क्लास," त्या म्हणाल्या. "आज शनवार. बाकीच्या पोरींच्या आया जाऊन चार दिवस झाले. मी हितं टायरं बघत बसलेय."

"आक्का, रस्ता खराब हाय," व्यंकटभाऊ म्हणाले. "लोह्याच्या पुढं तर इचारूच नको."

"तुझ्या सोळा नंबरच्या चाकानं तर अजून खराब झाला असता."

मी सरदारना म्हटलं, चौदाचे लावा. गाडीबरोबर कारखान्यातून आले होते तेच, अरुंद, जाड रबराचे. दिसायला काहीच नाहीत. पण कमरेला हादरा बसू द्यायचा नसेल तर मधे रबर पाहिजे, शोभा नाही.

सरदार चाकं बदलत होते तोवर सुकन्यानं मला लातूरच्या खोलीबद्दल सांगितलं. नळाला दिवसाआड पाणी, समोर झेरॉक्सवाला. "आन तिसरा मजला हाय, पण लिफ्ट हाय."

"लिफ्टचं काय," व्यंकटभाऊ टायरच्या रांगेकडं बघत म्हणाले. "लाइट गेली की झालं."

"तर मग मी लाइट येईस्तोवर वरच राहीन," बाई म्हणाल्या. "मला कुठं पळायचंय?"

सुकन्या ओढणीशी खेळायला लागली. मागच्या खेपेला हिनंच मला सांगितलं होतं: त्यांचं जुनं गाव औशाकडं, किल्लारीजवळ. भूकंपाच्या वेळी आत्या सणाला माहेरी आलेली. माळवदाचं घर, भिंत कमरेवर पडली. पुढं सासरच्यांनी नेलं नाही. "आन बाबा?" मी विचारलं होतं. "बाबा बाहेर होते," ती म्हणाली, पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं. पहाटे चारच्या सुमाराला सतरा वर्षांचं पोरगं बाहेर काय करत होतं, हे मी विचारलं नाही. मलाही काही कळतं.

चाकं बसली. आता भरल्या गाडीचं माप. बाई पुढं, मी आणि सुकन्या मागं गाद्यांच्या ढिगात, भाऊ स्टेअरिंगवर. सरदार हकीम नाडी बघतो तसे वाकून चाकाबरोबर चालू लागले. भाऊंनी स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवून दुकानासमोर एक फेरा मारला. मग उजवीकडं. मग मुद्दाम नालीवरच्या उंचवट्यावरून घेतली. गाडी दबली, सावरली. बरणीचं झाकण तेवढं वाजलं.

"काही नाही," सरदार म्हणाले. "दोन बोटं जागा आहे."

"मला आवाज आला," व्यंकटभाऊ म्हणाले.

"नाही आला, भाऊ," सरदार म्हणाले.

"आला. परत घेतो."

परत घेतली. मी स्वतः कान लावून बसले होते; इंजिनाशिवाय काही नव्हतं. भाऊंनी गाडी थांबवली. शर्टाची पाठ भिजलेली. "भाभी, तेराचं बसंल का?"

"तेराची रिंग ब्रेकवरच अडकेल," मी म्हटलं. "माप हेच आहे, व्यंकटभाऊ. ह्याच्यापुढं माझ्याकडं काही नाही."

"तर मग सोमवारी येतो. मेकॅनिकला दाखवून. एखादा दिवस क्लास बुडला तर काय व्हायलंय."

आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. चाकाकडं नव्हतेच ते. सुकन्यानं माझा हात धरला. तिला वाटलं असावं, आता गेलंच लातूर. आत्याच्या हातचं, आत्याची बडबड, सगळंच.

तारामतीबाईंनी हात लांबवून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. लोणच्याची बरणी नीट धरली. आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ किती टाकू विचारावं तसा.

"व्यंकट, त्या पहाटे तू मला आत ठेवून पळाला. मी हाका मारल्या, त्या तुला ऐकू गेल्या. मला ठाऊक हाय, तुला ठाऊक हाय, आख्ख्या घराला ठाऊक हाय. आन तू पळाला म्हणूनच, उजाडल्यावर मला उकरायला कुणीतरी उरला. आता चाकाचं निमित्त सोड आन गाडी काढ."