नणंदेची साक्ष

नकाशाबाईंच्या बडतर्फीच्या आदेशावर सही होती ती त्यांच्या सख्ख्या नणंदेची. ही नणंद, म्हणजे ताई, नकाशाबाईंच्याच सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि दोघी राहायच्या एकाच घरात.

नकाशाबाई भूगोल शिकवायच्या. काखेत कायम गुंडाळलेला नकाशा, म्हणून मुलांनी दिलेलं हे नाव. वर्गाच्या छताचा गिलावा पडायला लागला तेव्हा त्यांनी वरपर्यंत कळवून पाहिलं. कुणी ढिम्म हललं नाही, तशी एके दिवशी त्यांनी सगळा वर्ग उचलून मैदानात नेला. नेमकी त्याच दिवशी शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी. साहेबांना छत दिसलं नाही, शिस्तभंग तेवढा दिसला. वरून आदेश आला आणि ताईंनी सही केली.

त्या संध्याकाळी ताईंनी चहा करून भावजयीपुढे ठेवला. मी कोर्टात जाणार, असं नकाशाबाईंनी सांगितलं.

"जा," ताई म्हणाल्या. "तुझ्या जागी मीही गेले असते."

नकाशाबाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. एकीकडे बायको, दुसरीकडे थोरली बहीण. तो बिचारा जेवताना मीठ वाढ आणि पाणी दे यापलीकडे बोलेनासा झाला. दोघींचं मात्र ठरलेलं होतं की केस घरात आणायची नाही. तारखेला दोघी एकाच बसने जायच्या, कोर्टाच्या जिन्याशी वेगळ्या व्हायच्या आणि दुपारी बाकावर एकाच डब्यात जेवायच्या. खात्याच्या वकिलांना ते खटकलं. विरुद्ध पक्षाच्या डब्यातलं खाऊ नका, असं त्यांनी बजावलं, तर भाजी माझ्याच हातची आहे म्हणून ताईंनी त्यांनाच वाटी पुढे केली.

साक्षीच्या आधी त्याच वकिलांनी ताईंना पढवलं होतं. तोंडी चौकशी झाली होती एवढंच सांगायचं. ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. निवृत्ती तोंडावर आली होती.

नकाशाबाईंच्या वकीलबाईंनी विचारलं, "काढून टाकण्याआधी यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का?"

"घरी रोज ऐकते," ताई म्हणाल्या. "शाळेत नाही ऐकलं."

न्यायाधीशांनी हसू दाबलं.

"मग सही का केलीत?"

"घाबरले म्हणून. छत खरंच पडायला आलं होतं. मुलांना बाहेर मीच न्यायला हवं होतं."

नकाशाबाई खाली मान घालून बसल्या. इतके महिने मनात धरलेला राग आता कुठे ठेवावा, तेच त्यांना कळेना.

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "ताई, आता तुमच्यावर चौकशी लावतील."

"लावू देत. माझी तरी रीतसर होईल."

बाजू मांडायची संधीच दिली नाही, म्हणून कोर्टाने बडतर्फी रद्द केली आणि नकाशाबाई कामावर परतल्या. ताईंची बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका लहानशा शाळेत झाली. तिथे भूगोलाला शिक्षकच नव्हता, म्हणून ताई स्वतः तो तास घेऊ लागल्या. रोज संध्याकाळी त्या भावजयीसमोर पुस्तक उघडून बसत, आणि नकाशाबाई न कंटाळता समजावत, "अहो ताई, खालच्या अर्ध्या पृथ्वीवर ऋतू उलटे असतात. काल सांगितलं ना?"

"सांगितलंस," ताई म्हणायच्या, "पण मला अजून पटलेलं नाही."